दूरचा कातळ, जवळचा कातळ

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात, बुशमिल्स गावाच्या उत्तरेला, अटलांटिक महासागराच्या काठावर सुमारे 40,000 दगडी खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. या जागेला जायंट्स कॉजवे म्हणतात. खांब काळ्या बेसॉल्टचे आहेत. त्यांची रुंदी साधारण तीस ते पन्नास सेंटिमीटर भरते. उंची मात्र ठिकठिकाणी बदलते: काही जेमतेम गुडघ्याएवढे, तर काही 12 मीटरपर्यंत. कड्याच्या पायथ्यापासून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत हे खांब थेट पाण्यात शिरतात. युनेस्कोने 1986 मध्ये या किनाऱ्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्याची देखभाल नॅशनल ट्रस्ट ही संस्था करते.

भूविज्ञान आणि भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे गट देशोदेशींहून इथे येतात. महाराष्ट्रातून असा गट न्यायचा झाला, तर एक प्रश्न टाळता येत नाही. ज्या राज्याचा बहुतांश भाग बेसॉल्टचाच आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी बेसॉल्ट पाहायला आयर्लंडपर्यंत का जावे? या प्रश्नावर दोन भूमिका संभवतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पुढील संवादात त्या एका महाविद्यालयातील दोन अध्यापकांच्या तोंडी घातल्या आहेत. भूविज्ञान शिकवणाऱ्या मॅडम अभ्यासदौऱ्याच्या बाजूने बोलतात. भूगोल शिकवणारे सर त्याविषयी शंका घेतात.

जावे की न जावे

सर : मॅडम, आपल्याकडचा विद्यार्थी काळ्या कातळावरच लहानाचा मोठा होतो. घराच्या पायात तोच दगड, किल्ल्याच्या तटात तोच, लेण्यांत तोच. तो त्याने कधी नीट निरखलेला नाही. अशा मुलाला विमानात बसवून त्याच जातीचा दगड दाखवायला नेणे मला उलटे वाटते. शिवाय वर्गातल्या किती मुलांना हा खर्च झेपेल? दहाजण जाणार आणि पन्नासजण त्यांचे फोटो बघणार. यात शिकवणे कमी आणि वर्गाचे दोन भाग पाडणे जास्त आहे.

मॅडम : खर्चाचा मुद्दा मी डावलत नाही, त्याकडे शेवटी येऊच. पण आधी कॉजवेवर जे दिसते ते इतरत्र का दिसत नाही, ते पाहू. आपल्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला की खांबांच्या बाजू दिसतात, वरचे तोंड मातीखाली किंवा पुढच्या थराखाली राहते. कॉजवेवर समुद्राने वरचे आवरण झिजवून खांबांची डोकी उघडी केली आहेत. विद्यार्थी त्या डोक्यांवरून चालतो आणि दोन पावलांवर त्याच खांबांच्या बाजूही पाहतो. माथा आणि बाजू एकाच जागी हाताशी येणे फार दुर्मीळ आहे.

सर : तरीही तिथे गेल्यावाचून काही कळत नाही, असे म्हणू नका. याच कॉजवेच्या बाबतीत इतिहास माझ्या बाजूने बोलतो.

सरांच्या म्हणण्याला आधार आहे. सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या रॉयल सोसायटीपर्यंत या खांबांची बातमी पोचली आणि 1693 मध्ये त्यांवरचे पहिले टिपण तिथे सादर झाले. खांब माणसांनी घडवले की निसर्गाने, असाही प्रश्न तेव्हा विचारला जाई. 1739 च्या सुमारास सुझाना ड्र्युरी या चित्रकर्तीने कॉजवेची दोन बाजूंनी चित्रे काढली. खांबांचे कोन, सांधे आणि उंचीतले फरक तिने इतके काटेकोर टिपले की 1740 मध्ये डब्लिनच्या संस्थेने तिला पारितोषिक दिले. या चित्रांवरून कोरीव ठसे तयार झाले आणि ते युरोपभर गेले.

फ्रान्समध्ये निकोला देमारे हे सरकारी अधिकारी आणि निसर्गाभ्यासक 1763 मध्ये ओव्हेर्न्य प्रांतात हिंडत होते. तिथे त्यांना तसेच कोनदार खांब आढळले. त्या खांबांचा माग काढत ते लाव्हाच्या प्रवाहापर्यंत आणि प्रवाहावरून विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत पोचले. आयर्लंडचा किनारा त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता, पण चित्रे पाहिली होती. कॉजवेचे खांबही ज्वालामुखीतूनच आले असले पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रसिद्ध फ्रेंच विश्वकोशाच्या 1768 मधील चित्रखंडात कॉजवेच्या चित्रासोबत हे मत छापून आले.

त्या काळी हे मत सर्वमान्य नव्हते. जर्मनीतील फ्रायबेर्गच्या खाणविद्यालयातले आब्राहाम वेर्नर आणि त्यांचे शिष्य बेसॉल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साका होऊन बसलेला खडक मानत. अँट्रिमच्या किनाऱ्यावर वावरणारे धर्मोपदेशक विल्यम रिचर्डसन यांनी या पक्षाला मोठा पुरावा मिळाल्याचे जाहीर केले. कॉजवेपासून जवळच असलेल्या पोर्टरश इथे बेसॉल्टसारख्या काळ्या, कठीण खडकात त्यांना अमोनाइट या सागरी प्राण्याचे जीवाश्म सापडले होते. लाव्हात शंखशिंपले टिकणार नाहीत, म्हणून बेसॉल्ट पाण्यातच बनला असला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात तो खडक बेसॉल्ट नव्हता. तो समुद्रतळाच्या गाळाचा खडक होता. शेजारी घुसलेल्या तप्त शिलारसाने तो भाजला गेला आणि बेसॉल्टइतकाच काळा व कडक झाला.

सर : पाहा मॅडम. जो त्या किनाऱ्यावर वावरत होता तो चुकला. ज्याने फक्त चित्र पाहिले त्याला बरोबर उत्तर सापडले. मग प्रत्यक्ष जाण्याचा एवढा आग्रह कशासाठी?

मॅडम : सर, देमारे नुसते चित्र पाहून थांबले नव्हते. ओव्हेर्न्यमध्ये ते पायी हिंडले होते, प्रवाहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या पायपिटीमुळे त्यांना चित्र वाचता आले. रिचर्डसन यांचीही चूक पाहण्यातली नव्हती. जीवाश्म खरेच होते. हा खडक दुसऱ्या कशासारखा दिसतो आणि कशात वेगळा आहे, हे ताडून पाहायला ते कमी पडले. म्हणजे या गोष्टीतून ‘जाऊ नका’ असा धडा निघत नाही. एकच जागा पाहून निकाल देऊ नका, असा निघतो.

खांब कसे झाले

विद्यार्थ्यांना कॉजवेवर नेल्यावर काय दाखवायचे, याचा गाभा खांबांच्या उत्पत्तीत आहे. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडू लागला. ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून दुरावताना जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून बेसॉल्टी लाव्हा वर आला. अँट्रिममधला लाव्हा टप्प्याटप्प्याने आला. आधीच्या थरांवर नद्यांनी दऱ्या कोरल्या होत्या. पुढच्या टप्प्यातला लाव्हा अशा एका दरीत साचला. जाड साठा सावकाश निवतो आणि सावकाश निवण्यामुळे रेखीव खांब तयार होतात.

निवताना लाव्हा आकसतो. आकसताना पृष्ठभाग ताणला जातो आणि ताण असह्य झाला की तडा जातो. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळताना भेगाळतो, तसाच हा प्रकार आहे. तिथे पाणी उडून जाते, इथे उष्णता निघून जाते. सुरुवातीच्या भेगा एकमेकींना काटकोनात मिळतात. पण जसजसा लाव्हा आत निवत जातो, तसतशा भेगा खोल उतरतात आणि उतरताना आपली जागा बदलतात. एका बिंदूतून तीन भेगा समान कोनांत, म्हणजे 120 अंशांत, फुटल्या की कमीत कमी लांबीच्या भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा होतो. असे कोन जोडले की षटकोन होतो.

सर : पुस्तकात इथेच गफलत होते. मुले षटकोन पाठ करून जातात आणि तिथे पंचकोनी खांब दिसला की गोंधळतात.

मॅडम : म्हणूनच ती तिथे गेली पाहिजेत. कॉजवेवर निम्म्याच्या आसपास खांब षटकोनी आहेत. पंचकोनी त्या खालोखाल येतात. चार, सात, आठ बाजूंचेही सापडतात. मी प्रत्येक विद्यार्थ्याला शंभर खांब मोजायला लावेन. बाजू किती, सर्वांत लांब बाजू केवढी, शेजारच्या खांबाशी कोन किती, हे वहीत उतरवायचे. निसर्गनियम सरासरीत दिसतो आणि एकेक खांब त्याच्यापासून थोडा ढळलेला असतो, हे फळ्यावर सांगून पटत नाही.

सर : मोजमाप तर आपल्याकडेही घेता येईल.

मॅडम : येईल, आणि घ्यावेच. पण आणखी एक गोष्ट पाहा. कॉजवेचा खांब सलग नाही. ठरावीक अंतरावर त्याला आडवी चीर आहे. चीर सपाट नसून वाटीसारखी आहे: खालच्या तुकड्याचे डोके फुगीर असेल तर वरच्याचा तळ खोलगट, किंवा त्याच्या उलट. वरचा तुकडा समुद्राने उचलून नेला की खोलगट माथ्यात पाणी साचते. एका खांबाच्या वाटीत पाणी, शेजारचा फुगीर आणि कोरडा. लाटा पोचतात तिथे दगडफुलाच्या पातळ थराने खांब डांबरासारखे काळे झालेले आहेत आणि वर चढत गेले की राखाडी होतात. हे सारे दहा पावलांत दिसते. विद्यार्थ्याने गुडघे टेकून त्या वाटीत बोट फिरवले की आडव्या चिरेचा आकार त्याच्या कायमचा लक्षात राहतो.

खांबांच्या बाजू जिथे झिजलेल्या नाहीत, तिथे त्यांवर आडव्या पट्ट्या दिसू शकतात. भेग एका दमात खाली जात नाही. थोडी सरकते, थांबते, खालचा भाग पुरेसा निवला की पुन्हा सरकते. एकेक पट्टी म्हणजे अशी एकेक झेप. पट्ट्यांच्या उंचीवरून लाव्हा किती वेगाने निवला याचा अंदाज बांधता येतो. सावकाश निवलेल्या लाव्हात पट्ट्याही रुंद आणि खांबही जाड. टोरांटो विद्यापीठात मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून दिव्याखाली वाळवला गेला. त्यातही काही मिलिमीटर रुंदीचे तसेच खांब तयार झाले. वाळण्याचा वेग बदलला की त्यांची जाडी बदलली. 2018 मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी आइसलंडचा बेसॉल्ट प्रयोगशाळेत तापवून दोन्ही टोकांना घट्ट पकडला आणि निवू दिला. लाव्हा सुमारे 980 अंश सेल्सिअसला पूर्ण घट्ट होतो, तर तडा त्यानंतर, 840 ते 890 अंशांच्या दरम्यान जातो, असे त्यांना आढळले. म्हणजे खांब तयार होतात तेव्हा दगड घट्ट झालेला असतो, पण अजून धगधगत असतो.

कॉजवेपासून पूर्वेकडे पायवाटेने गेले की कड्यातले उंच खांब दिसतात. त्यांच्या एका रांगेला वाद्यावरून ऑर्गन असे नाव आहे. त्याहून पुढच्या अर्धवर्तुळाकार कड्यात एकाच प्रवाहाचे दोन भाग ओळखू येतात. खाली सरळ, जाड खांबांची ओळ आणि वर बारीक, वाकडेतिकडे, गुंतलेले खांब. खालचा भाग जमिनीकडून शांतपणे निवला. वरच्या भागात पाणी भेगांतून आत शिरत राहिले आणि त्याने उष्णता वेगाने, अनेक दिशांनी ओढून घेतली, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

आख्यायिका आणि माणसांचा इतिहास

कॉजवेला नाव मिळाले ते आख्यायिकेवरून. फिन मॅकूल या आयरिश राक्षसाने स्कॉटलंडच्या बेनॅनडॉनर या राक्षसाशी लढायला समुद्रात दगडी वाट बांधली. प्रतिस्पर्धी आपल्याहून मोठा आहे हे कळल्यावर फिनच्या बायकोने त्याला बाळासारखे गुंडाळून पाळण्यात निजवले. बाळच एवढे तर बाप केवढा, या धास्तीने बेनॅनडॉनर वाट उखडत परत पळाला. समुद्रापलीकडे स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावरही तसेच बेसॉल्टचे खांब आहेत.

मॅडम : या कथेत मी मुलांचा वेळ घालवणार नाही. मार्गदर्शक ती सांगतोच, राक्षसाचा बूट आणि खुर्ची म्हणून दगड दाखवतो. मुले हसतात, फोटो काढतात आणि खडक पाहायचा राहून जातो.

सर : इथे मी तुमच्या विरुद्ध आहे. ही कथा रचणाऱ्यांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. दोन किनाऱ्यांवरचा दगड एक आहे, म्हणजे त्यांचा संबंध असला पाहिजे. त्यांनी तो संबंध वाटेच्या रूपात सांगितला. विज्ञान सांगते की दोन्ही ठिकाणचे खांब एकाच अग्निजन्य प्रदेशातले आहेत, प्रवाह मात्र वेगळे. निरीक्षण तेच, स्पष्टीकरण बदलले. आपल्याकडे लोणारला लवणासुराची कथा आहे. कठीण बेसॉल्टमध्ये एवढा गोल खड्डा आपोआप पडणार नाही, काहीतरी जबरदस्त घडले असणार, हे त्या कथेतही दिसतेच. पुढे तो उल्कापाताने पडला हे सिद्ध झाले. मुलांना कथा आणि शास्त्र दोन्ही समोर ठेवून विचारा : यात पाहिलेले काय आणि कल्पिलेले काय?

मॅडम : हे मान्य. पण दोन्हींना एकाच तागडीत तोलायचे नाही.

सर : मुळीच नाही. कथा कथा म्हणूनच सांगावी.

हा भेद किती महत्त्वाचा आहे याचा अनुभव कॉजवेवरच आला. तिथले नवे अभ्यागत केंद्र 2012 मध्ये सुरू झाले. पृथ्वी केवळ काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असे मानणाऱ्यांच्या मताचा उल्लेख त्यातल्या एका ध्वनिफितीत होता. त्यावर शास्त्रज्ञांनी आणि इतरांनी जोरदार आक्षेप घेतला. काही महिन्यांत नॅशनल ट्रस्टने ध्वनिफितीतला तो भाग बदलला. राक्षसाच्या कथेवर असा आक्षेप कोणी घेतला नाही, कारण ती कथा स्वतःला पुरावा म्हणवत नाही.

माणसांचा इतिहासही या खडकांत गुंतलेला आहे. 1588 मध्ये स्पॅनिश आरमारातले जिरोना हे जहाज कॉजवेजवळच्या लकाडा टोकावर आपटून फुटले आणि शेकडो माणसे बुडाली. 1967 मध्ये बेल्जियन पाणबुडे रोबेर स्तेनुई यांनी त्याचे अवशेष शोधले. त्यातले सोन्याचे दागिने आता बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहेत. 1883 मध्ये पोर्टरश ते बुशमिल्स जलविद्युतेवर चालणारी ट्राम सुरू झाली आणि चार वर्षांनी ती कॉजवेपर्यंत पोचली. त्यामुळे गर्दी वाढली. पुढे एका कंपनीने जागा भाड्याने घेऊन कुंपण घातले आणि प्रवेशशुल्क लावले. त्यावर खटला झाला. 1960 च्या दशकात जागा नॅशनल ट्रस्टकडे आली.

सर : भूगोलाच्या विद्यार्थ्याने हेही टिपायला हवे. निसर्गाचे आश्चर्य कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्याकडेही आहे.

दोन लाव्हाप्रदेश

महाराष्ट्राशी कॉजवेचा खरा दुवा इथे सुरू होतो. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आला. म्हणजे तो अँट्रिमच्या लाव्हाहून काही लाख वर्षांनी नव्हे, तर साठ लाख वर्षांच्या आसपास जुना आहे. अँट्रिमचे पठार 4,000 चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. दख्खनच्या लाव्हाने आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे आणि पश्चिम घाटात त्याच्या थरांची एकूण जाडी 2 किलोमीटरहून अधिक भरते. अँट्रिमच्या लाव्हाचा संबंध आज आइसलंडखाली असलेल्या तप्त स्रोताशी जोडला जातो, तर दख्खनचा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली असलेल्या स्रोताशी. दोन्ही ठिकाणी खंड फुटण्याच्या घटना आणि लाव्हाचे पूर काळाने जवळजवळ आलेले आहेत.

खांबही दोन्हीकडे आहेत. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल हा सुमारे 60 मीटर उंचीचा उभ्या बेसॉल्ट खांबांचा सुळका आहे. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. सभोवतालचा भाग खाणकामात कापला गेला आणि आता इमारती त्याला भिडल्या आहेत. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा तालुक्यातल्या बांदिवडे इथेही खांब दिसतात. कर्नाटकात उडुपीजवळ माल्पेच्या समुद्रात सेंट मेरी बेटांवर असेच खांब आहेत. पण तो खडक बेसॉल्ट नाही. त्यात सिलिका जास्त आहे आणि तो दख्खनच्या लाव्हाहून जुना आहे. खांब होण्यासाठी खडक बेसॉल्टच हवा असे नाही, हे त्यावरून कळते.

मॅडम : मला कॉजवेवरची सर्वांत मोलाची गोष्ट खांबांहून वेगळी वाटते. खांबांच्या प्रवाहाखाली कड्यात एक तांबडा पट्टा जातो. फोटो काढणाऱ्यांचे तिकडे लक्ष जात नाही. लाव्हाचा एक टप्पा संपला आणि पुढचा यायला खूप काळ लागला. मधल्या काळात उष्ण, दमट हवेत बेसॉल्ट कुजून त्याचा जांभा झाला. आयर्लंडच्या थंड किनाऱ्यावर जांभा!

सर : कोकणातल्या मुलाला हे एका नजरेत कळेल. त्याच्या घराच्या भिंती, विहीर, कुंपणाचा गडगा, सगळे त्याच दगडाचे असते.

मॅडम : तेच मला म्हणायचे आहे. त्या पट्ट्यासमोर उभा असलेला इंग्लंडमधला विद्यार्थी जांभा पुस्तकातून ओळखतो. आपला विद्यार्थी तो हाताच्या स्पर्शाने ओळखतो. जांभ्याला किती ऊन आणि किती पाऊस लागतो हे त्याला माहीत असते. त्यामुळे 6 कोटी वर्षांपूर्वी आयर्लंडची हवा कशी होती याचा अंदाज तो स्वतः बांधू शकतो. अँट्रिममध्ये या थरातून एकोणिसाव्या शतकात लोहखनिज काढले गेले आणि दुसऱ्या महायुद्धात बॉक्साइट. कोल्हापूरच्या सड्यांवर आपल्याकडेही बॉक्साइट निघते. घाटातल्या रस्त्यांवर दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचे पातळ पट्टे दिसतात, त्यांची आणि या पट्ट्याची तुलना करता येते.

सर : म्हणजे मॅडम, आपला सह्याद्री न पाहता गेलेल्या मुलाला हा पट्टा दिसणारच नाही.

मॅडम : दिसेल, पण नुसता रंग दिसेल.

पाहणाऱ्यांचा भार

अशा जागांना पाहणाऱ्यांचाही भार सोसावा लागतो. कोविडच्या साथीपूर्वी कॉजवेवर वर्षाला दहा लाखांच्या जवळपास लोक येत. जागा राष्ट्रीय निसर्ग अभयारण्यही आहे. तिथे भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हातोडा पिशवीतच ठेवायचा असतो. दगड फोडायचा नाही आणि नमुना उचलायचा नाही.

नुकसान मात्र हातोड्याविनाही होते. खांबांच्या सांध्यांत नाणे खोचून इच्छा मागण्याची चाल इथे पडली आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत नाणे गंजते, फुगते आणि मूळ जाडीच्या तिपटीपर्यंत वाढू शकते. त्या दाबाने खांबाच्या कडेचा कपचा उडतो आणि तांबे, निकेल व लोहाचे डाग दगडावर ओघळतात. 2025 मध्ये नॅशनल ट्रस्टने नाणी खोचू नका असे जाहीर आवाहन केले आणि काही खांबांवरची नाणी तज्ज्ञांकडून काढून घेतली.

सर : मला हीच भीती वाटते. एक नाणे क्षुल्लक वाटते. एक गट क्षुल्लक वाटतो. पण खांबाचा कपचा पुन्हा उगवत नाही.

मॅडम : मग विद्यार्थ्यांना नाण्याने फुटलेली कडच दाखवू. धातू गंजून फुगणे आणि दगड फुटणे हेही भूविज्ञानच आहे. ते पाहिलेला मुलगा गिल्बर्ट हिलजवळ गेला की तिथल्या कापलेल्या कड्याकडे वेगळ्या नजरेने बघेल.

सर : त्यासाठी त्याने गिल्बर्ट हिल आधी पाहिलेली असली पाहिजे. माझी अट एवढीच आहे. आणि दुसरी अट : जाणारा गट मोजमापे, रेखाटने घेऊन परत येईल आणि ती पूर्ण वर्गाची असतील. जे गेले नाहीत त्यांनी तोवर बांदिवड्याला शंभर खांब मोजलेले असतील. मग दोन्ही आकडे एका फळ्यावर मांडायचे.

मॅडम : या अटी मला मान्य आहेत. त्या मी आधीच घालायला हव्या होत्या, इतक्या रास्त आहेत.

निष्कर्ष

अठराव्या शतकातले इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन यांनी कॉजवे बघण्याजोगा असला तरी त्यासाठी मुद्दाम प्रवास करण्याजोगा नाही, अशा आशयाचे मत दिले होते. सरांची सुरुवातीची भूमिका त्याच्या जवळची होती. विज्ञानाच्या इतिहासाने मात्र ते मत अर्धेच खरे ठरवले आहे. नुसते जाण्याने काही कळत नाही, हे पोर्टरशच्या जीवाश्मांनी दाखवले. दूरच्या जागेचे चित्र अचूक वाचता येते, पण त्यासाठी तशीच एक जागा पायाखाली घातलेली असावी लागते, हे देमारे यांच्या ओव्हेर्न्यमधल्या भटकंतीने दाखवले.

त्यामुळे अभ्यासदौऱ्याचा क्रम ठरतो. आधी घाटातला रस्त्याचा छेद, तांबडे पट्टे, गिल्बर्ट हिल किंवा बांदिवडे, कोकणचा जांभा. त्यानंतर ज्यांना शक्य आहे त्यांनी कॉजवेला जावे, तिथे मोजावे, रेखाटावे, राक्षसाची कथाही ऐकावी आणि काहीही न खोचता, न उचलता परत यावे. न गेलेल्यांच्या हाती तीच मोजमापे द्यावीत. ज्या महाविद्यालयाला परदेशाचा खर्च परवडत नाही, त्याने हा क्रम पहिल्या टप्प्यावर थांबवला तरी विद्यार्थ्यांचे नुकसान होत नाही. ज्याला परवडतो, त्याने मात्र पहिला टप्पा गाळून दुसऱ्यावर उडी घेऊ नये.